गाडी ‘मिसिंग’ मारते? आधी पाना खाली ठेवा!



रात्री दहानंतर नाशिकच्या कोणत्याही कामगार वस्तीतून एक चक्कर मारा. सातपूर असो, अंबड असो, नाशिकरोड असो की पंचवटीच्या मागची बाजू, घरापुढे निदान एक तरी पिकअप उभी दिसेल. वडिलांनी कंपनीत पाळ्या केल्या, मुलाला कंपनीत कायम नोकरी मिळाली नाही. मग त्याने थोडे बीजभांडवल, थोडे बँकेचे कर्ज, थोडे बहिणीचे दागिने अशी जुळवाजुळव करून गाडी घेतली. पहाटे गिरणाऱ्याचा टोमॅटो, दुपारी पिंपळगावचा कांदा, रात्री वाशीची फेरी. त्या गाडीवर पाच-सहा माणसांचे घर चालते आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता जातो. अशी गाडी एके दिवशी उभ्या जागी थडथडू लागते, घाटात दम टाकते, आणि ड्रायव्हर म्हणतो, “मिसिंग मारतीये.”

मी मेकॅनिक नव्हे. कचेरीत खर्डेघाशी करणारा माणूस आहे. परंतु तरुणांच्या कर्जाचे कागद भरून देताना त्यांची जमाखर्चाची वही आणि गॅरेजची बिले माझ्या नजरेखालून जातात. त्या बिलांत मला पुन्हा पुन्हा एकच प्रकार आढळला. दोष काय होता हे कुठेच लिहिलेले नसते. काय काय बदलले त्याची मात्र लांबलचक यादी असते. नोजल बदलले, पंप खोलला, फिल्टर टाकला, फाउंडेशन टाकले. रोग्याला तपासल्याशिवाय चार डॉक्टरांची औषधे एकदम पाजावीत, तशातला हा प्रकार. म्हणून मी जाणकार कारागिरांजवळ बसून हा विषय समजून घेतला. तो चालकाला आणि त्याच्या घरच्यांनाही समजला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मिसिंग म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पिकअपला चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, ते मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० ठोके, आणि चौघांचे मिळून १६००. त्यातला एक जरी सुस्तावला, तरी सेकंदाला सहा-सात वेळा ठोक्यांत खड्डा पडतो. तोच खड्डा तुम्हाला स्टिअरिंगमध्ये आणि सीटखाली जाणवतो. वेगात गाडी असली की हे खड्डे इतके जवळजवळ येतात की कानाला कळत नाहीत, आणि ड्रायव्हर म्हणतो, “पळताना तर चांगली आहे.” ती चांगली नसते. फक्त तक्रार ऐकू येत नाही. (छोटा हत्ती म्हणून ओळखली जाणारी टाटा एस २००५ साली आली, ती दोन सिलिंडरची. तिचे इंजिन मुळातच जास्त हलते. तिची तुलना चार सिलिंडरच्या गाडीशी करू नये.)

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आत आलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोजल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो आपोआप पेट घेतो. तेव्हा सिलिंडर पेटायला तीन गोष्टी पाहिजेत: पुरेशी हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळी योग्य फवारा. मिसिंगचे कारण या तिघांच्या बाहेर जवळजवळ नसतेच. मग गाडीला दृष्ट लागली म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्या भावाला काय म्हणावे? लिंबाचा रस डिझेलच्या पाइपात जात नाही, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो.

पहिला प्रश्न असा की, हलते आहे ते इंजिन की नुसती केबिन? इंजिन ज्या रबरांवर बसलेले असते त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. ते फाटले किंवा बसले तर इंजिन ठाकठीक चालत असूनही सगळी गाडी थरथरते. हे ओळखणे सोपे आहे. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. मग मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडासमोर वीत-दोन वीत अंतरावर कागदाचा कपटा धरा. कपटा एकसारखा फडफडला तर इंजिनाचे ठोके बरोबर आहेत, मग फाउंडेशन पाहा. मधूनच अडखळला तर दोष इंजिनात आहे. मागे टर्बो असला की हा फरक थोडा कमी कळतो, पण कान लावून ऐकल्यास कळतो.

दुसरा साक्षीदार धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल, टर्बोचा रबरी पाइप फाटला असेल, नोजल फवाऱ्याऐवजी धार सोडत असेल, किंवा सरळ माल जास्त भरला असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढऱ्या धुराचे दोन अर्थ. डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जाते पण पेटत नाही. वास नसलेला, वाफेसारखा, सतत येणारा आणि सोबत रेडिएटरचे पाणी कमी होत असलेले असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. थंडीच्या दिवसांत मात्र घाई नको. निफाड भागात पारा एक आकड्यावर येतो. अशा पहाटे ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात, त्यांतला एखादा जरी जळलेला असला तरी गाडी पहिली एक-दोन मिनिटे पांढरा धूर सोडत अडखळते आणि गरम झाली की सुतासारखी सरळ होते. या दोषासाठी पंप खोलणे म्हणजे सर्दीसाठी पोट फाडण्यासारखे आहे.

म्हणून वहीत लिहून ठेवावे. मिसिंग थंड इंजिनाला की गरम? उभ्या जागी की चढावर? टाकी भरलेली असताना की तळाला आल्यावर? डिझेल कुठे भरल्यानंतर सुरू झाले? शेवटचे काम कोणते केले होते? घरातल्या ताईंनी हिशेबाच्या वहीतच एक पान यासाठी राखले तर फार उत्तम. पुष्कळ घरांत त्याच वही लिहितात आणि तारखा त्यांच्याच लक्षात असतात. “मागच्या सोमवारी फिल्टर बदलला, मंगळवारपासून हे सुरू झालं,” हे वाक्य निम्मे निदान करून टाकते.

याचे उदाहरण आमच्याच वस्तीत घडले. एका तरुणाची गाडी सकाळी सुरू व्हायला फार वेळ घेई. सुरू झाली की रेस आपोआप कमी-जास्त होई, मग अडखळे. गॅरेजवाल्याने न तपासता चारही नोजल बदलले. फरक नाही. मग पंप काढून नेला. आठ दिवस गाडी उभी, हप्ता थकला, बिल हप्त्याच्या कितीतरी पट. शेवटी आमच्या गल्लीतले एक निवृत्त कामगार गाडीजवळ आले. पोराने सांगितले, “काका, चारही नोजल नवीन टाकलेत.” काका म्हणाले, “मग बरं झालं, नोजल तरी यादीतून गेलं. आता हवा बघू.” त्यांनी फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या जागी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि गाडी सुरू केली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुड्यांची रांग चालली होती! फिल्टर बदलताना जोडाचे जुने तांब्याचे वॉशर तसेच ठेवले होते. तेथून डिझेल बाहेर गळत नव्हते, पण पंप ओढताना हवा आत येत होती. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरे, म्हणून सकाळी सुरू व्हायला त्रास. नवे वॉशर टाकले, हातपंपाने हवा काढली, काम झाले. एका चहाच्या पैशांत बसणारा तो वॉशर होता. हवा कोणा एका सिलिंडरवर राग धरत नाही, आज इथे तर उद्या तिथे खड्डा पाडते. मिसिंगची जागा बदलत असेल तर आधी हवेचा संशय घ्यावा, तो यामुळेच.

हवेचा भाऊ पाणी. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. तो महिन्याला, आणि पावसाळ्यात आठवड्याला सैल करून खाली काचेचे भांडे धरावे. पाणी जड असल्याने तळाला बसते आणि वेगळे दिसते. टाकी रोज रात्री अर्धी रिकामी ठेवण्याची सवयही चांगली नाही. आतल्या ओलसर हवेचे थंडीत थेंब होतात. आणि कॅनमधून मिळणारे ‘स्वस्त’ डिझेल? त्याबद्दल बोलायचे तर आधी नोजल म्हणजे काय ते पाहावे लागेल.

आपल्या सातपूरला मायको कंपनीत कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी उमेद घालवली. त्या कंपनीचे नाव २००८ साली बॉश लिमिटेड झाले, तरी नाशिककर अजून ‘मायको’च म्हणतो. तिच्या जर्मन मूळ कंपनीने डिझेल पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवायला १९२७ साली सुरुवात केली, आणि पुढे सातपूरच्या कारखान्यात डिझेलची नोजल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. नोजलमधली सुई आणि तिचे घर यांच्यात अवघ्या काही मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर ही फट केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तिला वंगण मिळते ते डिझेलचेच. त्यात रॉकेल मिसळलेले असेल तर वंगण कमी होते, गाळ असेल तर सुई अडकते, पाणी असेल तर गंजते. ज्या वस्तूची घासाई बापाने आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजली, ती वस्तू मुलाने गाळ असलेल्या कॅनमधल्या डिझेलवर चालवावी, याचे मला वाईट वाटते.

आता मुख्य तपासणी: नेमका कोणता सिलिंडर बंद आहे? जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाड्यांत यासाठी उस्तादांची एक परंपरागत रीत आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून, एकेका नोजलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज आणखी बिघडतो, तो सिलिंडर काम करत होता. ज्याचा सैल करूनही काही फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. चोर सापडला! ही तपासणी जाणत्या माणसाने, डोळ्यांना चष्मा लावून, नटावर जाड कापड धरून करायची. बोट जवळ न्यायचे नाही, कारण जुन्या नोजललासुद्धा उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो.

परंतु हीच रीत कॉमन रेल गाडीवर केली, तर ती जिवावर बेतू शकते. हा मजकूर कापून गॅरेजच्या भिंतीवर लावला तरी चालेल. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर, पुष्कळ इंजिनांत १६०० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तो काही शे पट झाला. अशा दाबाची केसाएवढी धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांनी हात सुजतो, आतले मांस मरू लागते, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात काढावा लागतो. असे घडले तर दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि “डिझेल प्रेशरने हातात घुसले आहे” असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मलमपट्टी करून घरी येऊ नये. गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून राबणारी चौदा-पंधरा वर्षांची मुले मी पाहिली आहेत. त्यांची जागा मुळात शाळेत आहे. पण निदान या नटाजवळ तरी त्यांना कोणी पाठवू नये.

गाडी कॉमन रेलची आहे हे ओळखायचे कसे? बॉनेट उघडा. पंपातून निघालेले डिझेल आधी एका जाड लोखंडी नळीत जमा होत असेल, तिच्यातून चार पाइप चार इंजेक्टरकडे जात असतील आणि इंजेक्टरच्या डोक्यावर विजेच्या वायरी असतील, तर ती कॉमन रेल. पंपातूनच चार पाइप सरळ नोजलकडे जात असतील तर जुनी पद्धत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस.-६ लागू झाले. त्यानंतरची डिझेल पिकअप असेल तर ती कॉमन रेल समजूनच चाला. तिची तपासणी स्कॅनर लावून करायची असते. कोणत्या इंजेक्टरला कॉम्प्युटर जास्त डिझेल देऊन सांभाळून घेतो आहे, ते पडद्यावर आकड्यांत दिसते. शिवाय चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून कोणत्या बाटलीत डिझेल लवकर भरते, हेही कारागीर पाहतो. जास्त परत येणारा इंजेक्टर आतून झिजलेला असण्याची शक्यता दाट.

सी.एन.जी. आणि पेट्रोलवरच्या छोट्या पिकअपही आता नाशकात पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत ठिणगी आली, म्हणजे प्लग आणि कॉइल आले. त्यांचे पहिले निदान फुकटात होते: गॅस बंद करून पेट्रोलवर चालवून पाहा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर अडखळत असेल तर आधी गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत, प्लगही एकदा काढून बघावा, कारण गॅसला ठिणगी जोरकस लागते. दोन्हीवर अडखळत असेल तर प्लग, कॉइल, नाहीतर दाब. स्कॅनरवर पी-०३०१ ते पी-०३०४ असे कोड येतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी-०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. लक्षात घ्या, कोड सिलिंडर सांगतो, खराब सुटा भाग सांगत नाही. “कोड आला, कॉइल टाका,” असे कोणी म्हणाला तर शेजारच्या सिलिंडरची कॉइल इकडे लावून बघायला सांगा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर कॉइल निर्दोष. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर भाडे घेऊ नका. न जळलेले इंधन पुढे सायलेन्सरच्या महागड्या जाळीत जाऊन ती वितळवते.

हीच अदलाबदलीची युक्ती जुन्या डिझेल गाडीला चालते. संशयित नोजल दुसऱ्या सिलिंडरला लावायचे. (खाली तांब्याचे वॉशर नवे, हे सांगायला नकोच.) मिसिंग नोजलबरोबर गेले तर नोजल पंप-नोजलवाल्याकडे न्यावे. तो ते हाताच्या टेस्टरवर लावून फवारा दाखवतो. धुक्यासारखा उडाला तर ठीक, थेंब लोंबले तर खराब. मिसिंग जुन्याच जागी राहिले तर नोजलवर एक पैसाही घालवू नका. तेथे दाब कमी आहे. टॅपेट आवळलेले असेल, व्हॉल्व्ह जळला असेल, रिंगा गेल्या असतील. गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा आणि आकडे कागदावर लिहून मागावेत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी आला तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट उडालेले असण्याचा संभव असतो. कॉमन रेलच्या इंजेक्टरची अदलाबदल मात्र घरी करू नये, कारण पुष्कळ गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो.

कोणी म्हणेल, थोडे अडखळते तर अडखळू द्या, हंगाम संपला की बघू. घोटी-इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरणाऱ्या भावांना माझा प्रश्न आहे: ब्रेकला मदत कोण करते? बहुतेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम तयार करणारा पंप इंजिनावरच फिरतो. आयडलिंगला अडखळणारे इंजिन उतारावर बंद पडले की दोन-चार वेळा ब्रेक दाबताच साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे होते. मागे टोमॅटोच्या भरलेल्या जाळ्या, पुढे वळण. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे तर हा धोका दुप्पट करतात, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडले की चाके त्याला फिरवत ठेवत नाहीत. तेव्हा मिसिंग मारणारी गाडी घेऊन घाट उतरू नये. भाडे बुडाले तरी बेहत्तर.

राहिला बिलाचा प्रश्न. गॅरेजमध्ये गाडी लावताना तक्रार लेखी द्यावी. कोणताही भाग बदलण्यापूर्वी फोन करायला सांगावे, आणि “कशावरून?” हा एक प्रश्न न लाजता विचारावा. चांगला उस्ताद या प्रश्नावर चिडत नाही, उलट उत्साहाने हात धरून दाखवतो. चिडणाऱ्याकडून गाडी परत आणावी. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मागावेत. ते आपले असतात. ज्यांच्या घरी मुलगा सातपूरच्या आय.टी.आय.त डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करतो आहे, त्यांनी त्यालाच गॅरेजमध्ये सोबत न्यावे. त्याचेही शिक्षण होईल आणि उस्तादही जरा जपून बोलेल.

आणि काम झाले म्हणून गरम इंजिन सुरू करून दाखवले, की लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नका. दोष थंड इंजिनाचा असेल तर गाडी त्या रात्री गॅरेजमध्येच राहू द्या. सकाळी लवकर जा, बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे ना याची खात्री करा, स्वतः चावी फिरवा, आणि कागदाचा कपटा घेऊन मागे सायलेन्सरजवळ जा.